३,३५,५०,३३६ ची ओळख करून घेताना

मोठी संख्या दिसली की लगेच तिच्या गुणधर्मांची यादी पाठ करायला बसू नकोस. आधी कागद घे आणि अवयव पाड. ३,३५,५०,३३६ चंच बघ. दोनने भागत जा. बारा वेळा भाग जातो आणि ८१९१ उरते. ती मूळ आहे का हे पाहायला नव्वदपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या लावायची गरज नाही. ८१९१ म्हणजे दोनचा तेरावा घात वजा एक, आणि अशा संख्येच्या प्रत्येक मूळ विभाजकाला २६ ने भागलं की बाकी १ च उरते. मग तपासायला राहतात फक्त ५३ आणि ७९. दोघांनीही भाग जात नाही. झालं!

आता बाकीचं उलगडतं. ३,३५,५०,३३६ चे एकूण विभाजक २६, आणि ती स्वतः वगळता त्यांची बेरीज पुन्हा तीच. म्हणजे ६, २८, ४९६, ८१२८ नंतरची पाचवी परिपूर्ण संख्या. १ ते ८१९१ ची बेरीजही हीच, म्हणून त्रिकोणी. मला सगळ्यात आवडतं ते हे: १ ते १२७ मधल्या विषम संख्यांच्या घनांची बेरीजसुद्धा हीच येते. स्वतः करून बघच.

देवळालीचे गणितज्ञ कापरेकर यांच्या हर्षद संख्यांत, म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांत, मात्र ती बसत नाही. अंकांची बेरीज २८, पण सातने भाग जात नाही, मग २८ नेही नाही. हेही वहीत लिहून ठेव.