त्याला लागू पडली, मला का नाही?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, वय ५३. कोपरखैरण्याला राहतो, वाशीच्या मार्केटात कांदा-बटाट्याचा गाळा आहे. अकरा वर्षं शुगर आहे, बीपीची गोळी चालू आहे. दोन वर्षांपासून ताठरता नीट येत नाही. शेजारच्या गाळेवाल्या मित्राने त्याच्या स्ट्रिपमधल्या सिल्डेनाफिल ५० च्या चार गोळ्या दिल्या. तो माझ्याहून बारा वर्षांनी लहान, त्याला शुगर नाही. त्याला पहिल्याच रात्री गुण आला. मी चारही घेऊन पाहिल्या, फरक शून्य. मटणाचं जेवण झालं की साडेनऊला गोळी, दहाला दिवे बंद, कारण पहाटे तीनला उठायचं असतं. गोळी डुप्लिकेट होती का? आता स्वतःच एक स्ट्रिप आणली आहे. दोन एकदम घेऊ का? बायकोला यातलं काही माहीत नाही, स्ट्रिप स्कूटरच्या डिकीत ठेवतो.
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : मित्राच्याच स्ट्रिपमधली गोळी, म्हणजे डुप्लिकेट असण्याची शंका तूर्त सोडा. दोन एकदम घेऊ नका. छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट किंवा नायट्रेटचं दुसरं कुठलं औषध तुम्हाला कधी दिलंय का, ते आधी बघा. असेल तर ही गोळी अजिबात नको. दोन्ही मिळून बीपी इतका खाली जातो की जीव जाऊ शकतो.

आता तुमचं घड्याळ. सिल्डेनाफिल रिकाम्या पोटी घेतली तर साधारण तासाभरात रक्तात चढते. तेलकट, चरबीच्या जेवणावर घेतली की आणखी तासभर उशीर होतो आणि चढतेही कमी. म्हणजे साडेनऊची गोळी जोर धरणार साडेअकराला, तेव्हा तुम्ही घोरत असता. माझ्या ठाण्याच्या दवाखान्यात ‘गोळी चालत नाही’ म्हणून येणाऱ्यांना मी डोसच्या आधी जेवण विचारतो. पूर्वी विचारत नसे, नुसता डोस वाढवायचो. चूक माझी होती.

पण सगळा दोष मटणाला देऊन चालणार नाही. ही गोळी इच्छा निर्माण करत नाही, ताठरताही करत नाही. स्पर्शाने, इच्छेने लिंगातल्या मज्जातंतूंतून आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतं, त्यामुळे स्नायू सैल होऊन रक्त भरतं. शरीर तो परिणाम लगेच पुसायला लागतं. गोळी फक्त हे पुसणं लांबवते. सोसायटीच्या टाकीचा गळका कॉक बंद केला, पण खालून मोरबे धरणाचं पाणीच चढलं नाही, तर टाकी भरेल कशी? अकरा वर्षांच्या शुगरने तुमच्या मज्जातंतूंना आणि अस्तराला थोडीफार इजा झालेली असणार. मित्राची टाकी आपोआप भरते, त्याचा फक्त कॉक गळत होता. १९९९ मध्ये मधुमेही पुरुषांवरच्या चाचणीचे निकाल आले, त्यात सिल्डेनाफिल घेणाऱ्या ५६ टक्क्यांना सुधारणा जाणवली, औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्यांपैकी १० टक्क्यांना. म्हणजे शुगर असूनही निम्म्याहून जास्तांना गुण येतो, पण सगळ्यांना नाही.

चार रात्रींवर निकाल लावू नका. आम्ही योग्य डोसवर, योग्य वेळी घेतलेल्या सहा-आठ प्रयत्नांनंतरच औषध हरलं म्हणतो. तुमच्या दिनक्रमाला कदाचित याच जातीची दुसरी गोळी, टाडालाफिल, जास्त सोयीची पडेल. तिला जेवणाची अडचण नाही आणि तिचा परिणाम दीड दिवस टिकतो. पण हे डॉक्टरांनी तपासून ठरवायचं, मेडिकलवाल्याने नव्हे.

तुम्ही तपासणीला जाल तेव्हा सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिपा पिशवीत घेऊन जा, नावं आठवत बसू नका. बीपीची गोळी अ‍ॅटेनोलॉल किंवा लघवी वाढवणारी असेल, तर तीही यात हात घालत असू शकते. स्वतः बंद करू नका, बदलता येते. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन चालू असेल तर तेही सांगा. तीन महिन्यांची सरासरी शुगर, कोलेस्टेरॉल आणि सकाळच्या वेळी टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, बघून घ्या. टेस्टोस्टेरॉन कमी असलं की या गोळ्या मंद पडतात. तंबाखूचं तुम्ही लिहिलं नाहीत, मार्केटातला माणूस म्हणून विचारतो. आणि ईसीजी. लिंगातल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांहून बारीक, त्यामुळे अडथळा तिथे आधी कळतो. या तक्रारीसाठी आलेल्या माणसाच्या हृदयाची तपासणी केल्याशिवाय मी त्याला सोडत नाही.

राहिली डिकी. मेमध्ये त्या डब्यात हात घालून बघा, औषध ठेवायची ती जागा नाही. शिवाय लपवून घेताना जी धाकधूक होते, तिने अ‍ॅड्रेनालिन सुटतं आणि ते रक्त भरण्याच्या नेमकं उलट काम करतं. स्ट्रिप घरातल्या कपाटात ठेवा. वहिनी विचारतील. विचारू द्या, दोन वर्षं त्याही काहीतरी अंदाज बांधतच असतील.