नव्या आरोग्यसेविकेस: जंतुनाशक कुठे वापरावे, कुठे नाही

ताई, तुमची पहिलीच नेमणूक बीड जिल्ह्यातील उपकेंद्रात झाली आहे, म्हणून प्रसूतीच्या वेळच्या जंतुनाशकांविषयी थोडे सविस्तर लिहिते. नवखी असताना मलाही वाटे, की औषध जितके जास्त तितके बाळ सुरक्षित. परंतु कळा सुरू असताना योनिमार्ग क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने सरसकट धुतल्याने नवजाताचा जंतुसंसर्ग टळतो असे सिद्ध झालेले नाही आणि जागतिक आरोग्य संघटनाही तशी शिफारस करीत नाही. खरा भर हातांवर द्या. व्हिएन्नातील प्रसूतिगृहात सेमेलवाइस या डॉक्टरांनी १८४७ मध्ये क्लोरीनयुक्त द्रावणाने हात धुणे सक्तीचे केले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. आपल्याकडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेव्हा हात धुण्यापुरता हंडा आधीच भरून, झाकून ठेवा. बांगड्या, अंगठी काढून कोपरापर्यंत साबण लावा आणि नखांच्या कडा सोडू नका.

नाळ निर्जंतुक ब्लेडने कापून कोरडी व उघडी ठेवावी. घरी आजी मायेपोटीच तिच्यावर राख किंवा हळद-तेल लावते; तिला न दुखावता समजावा. ही सवय सुटतच नसेल, तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारून नाळेसाठीचे ४ टक्के क्लोरहेक्सिडीन द्या, मात्र ते डोळ्यांच्या थेंबांजवळ कधीही ठेवू नका, कारण डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होते. बेंबीभोवती लाली वा पू दिसला, किंवा बाळ दूध ओढेनासे झाले, तर मलम लावीत न बसता त्याला तत्काळ रुग्णालयात पाठवा.