वाचकांचे प्रश्न : खिशातला हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर आणि त्याची बॅटरी

बॅटरीवर चालणाऱ्या, खिशात मावणाऱ्या हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरविषयी बरीच पत्रे आली आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे देत आहोत. किमती विचारणाऱ्यांची मात्र निराशा होईल, कारण अंक छापून हाती पडेपर्यंत त्या बदललेल्या असतात.

प्रश्न : मी मोबाइलला लहान डोंगल (मोबाइल आणि हेडफोन यांच्यामधली जोडणी) लावून शास्त्रीय गायन ऐकतो. नवा हेडफोन ३०० ओहमचा आहे आणि त्यावर आलाप फारच हळू ऐकू येतो. अ‍ॅम्प्लिफायर घेतल्यास फरक पडेल का? मुलाच्या ३२ ओहमच्या इअरफोनलाही तो उपयोगी पडेल का? — एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्याला फरक जाणवेल, मुलाला बहुधा जाणवणार नाही. हेडफोन किती ओहमचा आहे, म्हणजे विजेला किती विरोध करतो, एवढ्यावरून हा निर्णय होत नाही. ठरावीक व्होल्टेज दिल्यावर तो किती डेसिबल आवाज करतो, हा आकडाही सोबत पाहावा लागतो. सेनहायझरचा एचडी ६०० हा ३०० ओहमचा हेडफोन घेतला, तर त्याला १ व्होल्ट दिल्यावर साधारण ९७ डेसिबल आवाज मिळतो, आणि लहान डोंगलची कमाल मजल पुष्कळदा १ व्होल्टच्या आसपासच संपते. ९७ हा आकडा मोठा वाटतो, परंतु तो ध्वनिमुद्रणातील सर्वांत जोरकस क्षणाचा आहे. ख्यालाच्या आरंभीची आलापी त्याहून २० ते ३० डेसिबलने खाली असू शकते, म्हणजे आवाज पूर्ण वाढवूनही हाती ७० च्या आसपासच उरतात. शांत खोलीत तेवढे चालते, एसटीत चालत नाही. व्होल्टेज दुप्पट केले की ६ डेसिबलची भर पडते. ९ व्होल्टच्या एका बॅटरीवर चालणारा साधा अ‍ॅम्प्लिफायर २ व्होल्टच्या थोडा पुढे जातो, म्हणजे आपल्याला सहा-सात डेसिबल अधिक मिळतील. दोन बॅटऱ्यांचा असेल तर आणखी.

कानात बसणारे ३२ ओहमचे इअरफोन त्याच १ व्होल्टवर कितीतरी मोठ्याने वाजतात. त्यांना अ‍ॅम्प्लिफायर जोडल्यास दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत फुसफुस ऐकू येऊ लागते आणि आवाजाचे बटण अगदी थोडेच फिरवावे लागते. नेमक्या त्या टोकाला बहुतेक स्वस्त पोटेन्शिओमीटरमध्ये (त्या बटणाखालच्या भागात) डाव्या-उजव्या कानांचा तोल बिघडलेला असतो. मिळालेली जादा ताकद आपणही जपून वापरावी. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही मर्यादा सांगितली आहे, आणि पुढच्या प्रत्येक ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होत जातो.

प्रश्न : पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून सुटे भाग आणून मी चू मॉय यांच्या आराखड्यावरचा अ‍ॅम्प्लिफायर जोडला आहे. त्यात ओपीए २१३४ हा आयसी आहे. वाण्याकडून आणलेली ९ व्होल्टची बॅटरी लवकर उतरते, आणि पूर्ण उतरण्याच्या आधीच तबला फाटल्यासारखा वाजतो. कोणती बॅटरी घ्यावी? — एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : गेल्या शतकाच्या अखेरीस प्रसिद्ध झालेला हा आराखडा पेपरमिंटच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत बसवण्याची प्रथा जगभरच्या हौशी मंडळींनी पाडली, आणि आजही पहिला अ‍ॅम्प्लिफायर म्हणून तोच जोडावा असे आमचे मत आहे. मात्र त्याची बॅटरी निवडण्यापूर्वी तो किती विद्युतप्रवाह खातो हे मोजून घ्यावे. ओपीए २१३४ मध्ये दोन विवर्धक असतात आणि संगीत थांबलेले असतानाही ते प्रत्येकी सुमारे ४ मिलिअँपिअर घेत राहतात, म्हणजे तेथेच ८ झाले. चालू-बंद दाखवणारा एलईडी हा दुसरा ग्राहक. पुष्कळांच्या डबीत हा दिवा एकटाच ५ मिलिअँपिअर खातो, म्हणजे आयसीच्या निम्म्याहून अधिक, आणि तेही काहीच न वाजवता. त्याच्या मार्गातला रेझिस्टर वाढवून प्रवाह १ मिलिअँपिअरवर आणल्यास दिवा मंद होतो, पण दिसतो. प्रत्यक्ष संगीताचा वाटा त्या मानाने थोडा असतो. बॅटरीची एक तार सोडवून मध्ये मल्टिमीटर जोडला की नेमका आकडा मिळेल. येथे दिवा १ मिलिअँपिअरवर आणला असे समजून हिशेबासाठी एकूण १२ मिलिअँपिअर धरू.

आता तबला फाटण्याविषयी. या आराखड्यात दोन समान रेझिस्टर बॅटरीचे ९ व्होल्ट मधोमध वाटतात, त्यामुळे आयसीला अधिक साडेचार आणि उणे साडेचार व्होल्ट मिळतात. आयसीचे आउटपुट त्या टोकांपर्यंत पोहोचत नाही. दोन्ही बाजूंना व्होल्ट-सव्वा व्होल्ट सोडावेच लागते. बॅटरी ६ व्होल्टवर आली की दोन्हीकडे तीन-तीन उरतात आणि त्यांतले जेमतेम दोन कामी येतात. गाणाऱ्याचा स्वर तेवढ्यात मावतो, परंतु तबल्याची थाप क्षणभर फार उंच उसळते आणि तिचा माथा छाटला जातो. गळा स्वच्छ आणि तबला फाटका, हे उतरत्या बॅटरीचे खात्रीचे लक्षण समजावे.

वाण्याकडे मिळणाऱ्या बॅटरीवर बहुधा ‘६एफ२२’ असे छापलेले असते. ती झिंक-कार्बनची, मल्टिमीटर किंवा भिंतीवरच्या एखाद्या उपकरणासारख्या अल्पाहारी यंत्रांसाठी ठीक. तिच्यावर ‘हेवी ड्यूटी’ लिहिलेले असले तरी भुलू नये, आत तेच कूळ असते. अल्कलाइन बॅटरीवर ‘६एलआर६१’ असते आणि तिची क्षमता (किती मिलिअँपिअर किती तास पुरतात याचा गुणाकार) सुमारे ५५० मिलिअँपिअर-तास धरतात. पण हा आकडा बॅटरी पाच व्होल्टच्याही खाली नेऊन काढलेला असतो, आणि आपला अ‍ॅम्प्लिफायर तर साडेसहा-सात व्होल्टांनंतरच कुरकुरू लागतो. त्यामुळे हाती पडतात सुमारे ३० ते ३५ तास.

पुन्हा भरता येणाऱ्या निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीत प्रत्येकी १.२ व्होल्टचे लहान सेल एकापुढे एक जोडलेले असतात, आणि खरेदी करताना याच जागी लोक फसतात. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या बॅटऱ्यांपैकी कोणात सहा सेल असतात (७.२ व्होल्ट), कोणात सात (८.४) आणि कोणात आठ (९.६). सहावाली घेऊ नये. ती नवी असतानाच आपल्या अ‍ॅम्प्लिफायरला अर्धपोटी ठेवते. सातवाली आम्ही सुचवतो. ९ च्या जागी ८.४ हा तोटा वाटतो, पण अल्कलाइनचे व्होल्टेज पहिल्या तासापासून घसरू लागते आणि निम्मी संपेपर्यंत साडेसातच्या आसपास येते, तर हिचे व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत टिकून मग एकदम कोसळते. म्हणजे ऐकण्याच्या उत्तरार्धात ८.४ छापलेली बॅटरीच अधिक व्होल्टेज देत असते. क्षमता २०० मिलिअँपिअर-तास असेल तर आपल्या हिशेबाने १५-१६ तास मिळतील. दोन बॅटऱ्या घ्याव्यात, एक डबीत आणि एक चार्जरमध्ये. चार्जर ८.४ व्होल्टच्या बॅटरीसाठीच बनवलेला असावा. साधा चार्जर असल्यास २० मिलिअँपिअरने १४ ते १६ तास लागतात. आपण महिन्यातून एखाद्याच संध्याकाळी ऐकत असाल तर मात्र अल्कलाइनच बरी, कारण साधी निकेलची बॅटरी नुसती पडून राहिली तरी आपोआप रिकामी होत जाते.

पुन्हा न भरता येणारी लिथियम बॅटरी सुमारे १२०० मिलिअँपिअर-तासांची असते आणि व्होल्टेजही छान टिकवते, पण विद्यार्थ्याने एवढा खर्च करावा असे वाटत नाही. हल्ली यूएसबीचे भोक असलेली ९ व्होल्टची लिथियम-आयन बॅटरीही मिळते. तिच्यातील काही प्रकारांत आत एकच ३.७ व्होल्टचा सेल असतो आणि एक चिमुकले सर्किट ते व्होल्टेज वाढवून ९ करते. हे सर्किट वेगाने चालू-बंद होत काम करते, आणि ती चुळबुळ हेडफोनमध्ये बारीक शिट्टीसारखी ऐकू येऊ शकते. पाकिटावरचा आकडा मिलिवॉट-तासांत असेल तर त्याला व्होल्टने भागावे. ४५०० म्हणजे ९ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर-तास.

प्रश्न : लिथियम बॅटरीवर आवाज अधिक ‘मोकळा’ आणि अल्कलाइनवर ‘गोड’ येतो, असे एका जाणकाराने सांगितले. आपला अनुभव काय? — एक वाचक, नागपूर

उत्तर : दोन्हींचे व्होल्टेज पुरेसे असेल आणि अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बॅटरीला समांतर योग्य क्षमतेचे कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारे भाग) असतील, तर फरक ऐकू येण्याचे कारण उरत नाही. जो फरक लोकांना जाणवतो तो बहुधा ताज्या आणि अर्ध्या उतरलेल्या बॅटरीतला असतो. तुलना करायची तर दोन्ही बॅटऱ्यांचे व्होल्टेज आधी मोजावे आणि बदलण्याचे काम दुसऱ्याकडे द्यावे, म्हणजे आत कोणती आहे हे ऐकणाऱ्याला कळणार नाही.

प्रश्न : माझ्या ओटू अ‍ॅम्प्लिफायरला ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या लागतात. एकच खराब झाली आहे. तेवढीच बदलली तर चालेल का? आणि तात्पुरत्या अल्कलाइन घालून अ‍ॅडॉप्टर लावला तर? — एक वाचक, ठाणे

उत्तर : पहिल्याचे उत्तर ‘नको’ आणि दुसऱ्याचे ‘मुळीच नको’ असे आहे. स्वतःचे खरे नाव न सांगणाऱ्या एका अभियंत्याने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या या आराखड्यात एक बॅटरी धन बाजू सांभाळते आणि दुसरी ऋण. एक आधी संपली की आउटपुट एका बाजूला कलते आणि संगीताऐवजी एकाच दिशेने वाहणारा डीसी प्रवाह हेडफोनच्या नाजूक कॉइलमध्ये जाऊ शकतो. ओटूमध्ये दोन्ही बॅटऱ्या एकदम तोडणारी सोय केलेली आहे, म्हणून तेथे धोका कमी. पण तशी सोय नसलेल्या दोन बॅटऱ्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जुनी-नवी जोडी हेडफोन जाळू शकते. ओटूतही अशी जोडी जुन्या बॅटरीच्या आयुष्याइतकीच चालणार, मग नवीचा उपयोग काय?

अ‍ॅडॉप्टर लावताच ओटू आतल्या बॅटऱ्यांना भरू लागतो. अल्कलाइन बॅटरी भरण्यासाठी बनवलेली नसते. ती फुगते, पाझरते, कधी फुटतेही. अल्कलाइन घातलेल्या असताना अ‍ॅडॉप्टरची तार जवळही ठेवू नये.

प्रश्न : पावसाळ्यात अ‍ॅम्प्लिफायर तसाच पडून राहिला. आता बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी आणि हिरवट थर दिसतो. तो टाकून द्यावा का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : टाकू नये. अल्कलाइन बॅटरी पाझरली असेल तर तो क्षार आहे. कापसाच्या काडीवर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पुसावा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करून पूर्ण वाळू द्यावे. झिंक-कार्बनचा पाझर आम्लधर्मी असतो, त्याला खाण्याच्या सोड्याचे पाणी वापरावे. हात लावताना हातमोजे घालावेत. क्लिपची तार काळी पडली असेल तर क्लिपच बदलावी, ती काही रुपयांत मिळते.

प्रश्न : माझ्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये लिथियमची बॅटरी आतच बसवलेली आहे. लॅपटॉपवरून गाणी ऐकताना तो चार्जिंगला लावला की घूं असा आवाज येतो. हा बिघाड आहे का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : बहुधा नाही. नुसत्या बॅटरीवर असताना अ‍ॅम्प्लिफायर घरच्या विजेपासून पूर्ण अलग असतो. चार्जर लावताच लॅपटॉपचा चार्जर आणि अ‍ॅम्प्लिफायरचा चार्जर ऑडिओच्या तारेमार्फत एकमेकांना जोडले जातात आणि त्या वळशातून थोडा प्रवाह फिरू लागतो, तोच घुमतो. लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. घूं थांबली तर अ‍ॅम्प्लिफायर निर्दोष आहे. ऐकताना चार्जिंग टाळावे हेच उत्तम. काही महिने वापर नसेल तर बॅटरी निम्मी भरून, उन्हापासून दूर ठेवावी. पूर्ण रिकामी ठेवल्यास ती कायमची निकामी होऊ शकते. आणि अ‍ॅम्प्लिफायरचे कवच कधी फुगलेले दिसले तर तो चार्जिंगला न लावता तडक दुरुस्तीच्या दुकानात न्यावा.