काकांना दिसत नाही, त्यांच्यासाठी बोलणारा ब्राउझर कोणता चांगला?

तुम्ही विचारलंय की काचबिंदूनं काकांची नजर गेली, आता लॅपटॉपवर बोलणारा ब्राउझर कोणता बसवून द्यावा. माझं ऐका, वेगळा ब्राउझर शोधत बसू नका. मी पूर्ण अंध आहे, हिंगणघाटकडच्या एका खेड्यात राहतो, आणि रोज साधं क्रोमच वापरतो. बोलायचं काम स्क्रीन रीडर करतो, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम.

पूर्वी होते खास बोलणारे ब्राउझर, 1997 ला आयबीएमचा होम पेज रीडर आला होता, तो बनवणाऱ्या चिएको असाकावा स्वतः अंध. आता एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर टाका. फुकट आहे, ऑस्ट्रेलियातल्या एका अंध पोरानं 2006 मध्ये सुरू केलेला, त्यात ईस्पीक नावाच्या बोलणाऱ्या प्रोग्रामचा मराठी आवाज पण मिळतो. आवाज डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा आहे, पण होते सवय.

खरी गोष्ट म्हणजे बटणं शिकवा. मी सुरुवातीला प्रत्येक पान वरून खालपर्यंत ऐकायचो, मेनू, जाहिराती, सगळं, आणि कापसाचा भाव यायचा शेवटी. बाबा म्हणायचे, "अबे, तू भाव आयकेपर्यंत बजार उठून जाते!" मग कळलं की एच दाबलं की पुढच्या हेडिंगवर उडी, के दाबलं की लिंक, ई दाबलं की टाइप करायचा रकाना, आणि टी दाबलं की थेट टेबल. टेबलात कंट्रोल-ऑल्ट धरून बाण दाबायचे, एकेक घर वाचतो. कंट्रोल एकदा दाबलं की गप्प बसतो, हे काकांना पहिल्याच दिवशी सांगा नाहीतर वैतागतील.

फोन अँड्रॉइड असेल तर टॉकबॅक नावाचं स्क्रीन रीडर बहुतेक त्यातच असतं. उजवीकडे बोट सरकवलं की पुढचं वाचतं, दोनदा टॅप केलं की उघडतं.

सगळंच जमेल असं मात्र नाही. स्कॅन केलेला कागद पीडीएफ म्हणून टाकला असेल तर तो नुसता फोटो, बरेचदा काहीच वाचत नाही. जुन्या कृतीदेव फॉन्टमधलं मराठी तर असं वाचतं की विचारू नका. आणि चित्रातला कॅप्चा, म्हणजे माणूसच आहे का हे तपासायला चित्रातले आकडे-अक्षरं टाइप करायला लावतात ते! एका साइटवर सातबारा काढताना सगळं एकट्यानं भरलं, शेवटी त्या पाच आकड्यांसाठी शेजारच्या सातवीतल्या पोराला हाक मारावी लागली.