‘ब्राझील’ : नाव आधी लाकडाचे, मग देशाचे

एका वाचकाने विचारले आहे: ‘ब्राझील या देशाचे नाव एका लाकडावरून पडले असे वाचले. पण लाकडावरून देशाचे नाव पडले की देशावरून लाकडाचे? आणि मराठीत ब्राझील, ब्राझिल, ब्रासिल यांपैकी काय लिहावे?’

लाकूड आधी, देश नंतर. पण इथेच थांबलो तर या नावातली सगळ्यात मोलाची गोष्ट हातून निसटेल. युरोपात ज्या लाकडाला आधीपासून ‘ब्राझील’ म्हणत, ते दक्षिण अमेरिकेतले नव्हते. ते पूर्वेकडून, म्हणजे भारत, सुमात्रा आणि आसपासच्या मुलखातून जायचे. मराठीत त्याचे नाव पतंग. उडवायचा पतंग वेगळा, दिव्यावर झेप घेणारा वेगळा, हा तिसरा. मलाय भाषेत ‘सपांग’, तमिळमध्ये ‘सप्पंगम्’, अरबीत ‘बक्कम’. केरळातल्या खानावळीत जेवताना गुलाबीसर कोमट पाणी मिळते, ते याच लाकडाचे ढलपे घालून उकळलेले असते. तिकडे त्याला ‘पतिमुगम्’ म्हणतात. शंकासुर आणि सागरगोटा ही याच्या गोतातलीच झाडे.

या लाकडाचा गाभा तांबडा असतो. त्याचा भुगा करून पाण्यात उकळायचा, तुरटी लावलेले कापड त्यात बुडवायचे, की लाल रंग चढतो. मात्र हा रंग मंजिष्ठासारखा टिकाऊ नाही, उन्हात विटतो. तरी मध्ययुगीन युरोपात त्याला मोठी मागणी होती, आणि तो अरब व व्हेनिसच्या व्यापाऱ्यांच्या हातून जात असे. मार्को पोलो तेराव्या शतकाच्या अखेरीस सुमात्रा आणि मलबार किनाऱ्यावरून गेला. त्याने या लाकडाची नोंद केली आहे, आणि कोल्लमच्या मालाला तर त्या बंदराच्याच नावाने ओळखत असे तो सांगतो. सुमात्रातून त्याने त्याचे बी व्हेनिसला नेले, पण तिथल्या थंडीत ते उगवले नाही. चौदाव्या शतकातल्या चॉसर या इंग्रज कवीच्या ओळींतही ‘ब्रासिल’ हा रंग येतो, आणि योगायोग असा की त्याच ठिकाणी पोर्तुगालच्या दुसऱ्या एका लाल रंगाचाही उल्लेख आहे. कोलंबसाच्या शंभर वर्षे आधी हा शब्द युरोपच्या बाजारात रुळलेला होता, याला आणखी पुरावा नको.

आता खुद्द शब्दाची व्युत्पत्ती. ‘ब्राझा’ म्हणजे पोर्तुगीजमध्ये निखारा, इंगळ. फ्रेंच आणि इटालियनमध्येही त्याची भावंडे आहेत. निखाऱ्यासारखा रंग देणारे ते ‘ब्राझील’, असे बहुतेक भाषाअभ्यासक मानतात. आयर्लंडच्या पश्चिमेला समुद्रात ‘ब्रासिल’ नावाचे एक काल्पनिक बेट जुन्या नकाशांवर दाखवत, त्यावरून देशाचे नाव आले असेही काही जण म्हणतात. ते मला पटत नाही. देशाचे नाव रूढ झाले त्या काळातल्या व्यापाराच्या नोंदी पाहिल्या तर जिकडे तिकडे लाकूडच दिसते, आयरिश दंतकथा कुठे दिसत नाही.

९ मार्च १५०० रोजी पेद्रो आल्वारिश काब्राल १३ जहाजे घेऊन लिस्बनहून निघाला तो भारताकडे यायला. वास्को द गामा आदल्याच वर्षी परतला होता, त्याने शोधलेल्या वाटेने मसाल्याचा व्यापार पक्का करायचा होता. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालण्यासाठी वारा गाठायला म्हणून ही जहाजे अटलांटिकमध्ये पश्चिमेकडे बरीच आत गेली आणि २२ एप्रिलला त्यांना जमीन दिसली. मुद्दाम गेले की चुकून, यावर इतिहासकार अजून वाद घालतात. १४९४ च्या तोर्देसियासच्या तहाने स्पेन आणि पोर्तुगालने समुद्रापलीकडचे जग आपसांत वाटून घेतलेच होते, आणि हा किनारा पोर्तुगालच्या वाट्यात बसत होता.

काब्रालने त्याला ‘व्हेरा क्रूझ’, म्हणजे ‘खऱ्या क्रुसाचे’ बेट असे नाव दिले. ते बेट नसून केवढा तरी मोठा मुलूख आहे याची त्याला कल्पना नव्हती. ताफ्यातल्या पेरो व्हाझ द कामीन्याने राजाला पाठवलेल्या पत्राखाली ‘पोर्तु सेगुरो, व्हेरा क्रूझ बेट, शुक्रवार, १ मे १५००’ असेच स्थळ-काळ घातले आहेत. ब्राझीलचे पहिले लेखी वर्णन ते हेच. दुसऱ्या दिवशी काब्रालने शीड उभारले आणि सप्टेंबरमध्ये तो कालिकतला पोचला. त्याच वर्षी डिसेंबरात कालिकतच्या पोर्तुगीज वखारीवर हल्ला झाला. मेलेल्यांत हा कामीन्याही होता. ज्या देशाचा जन्मदाखला त्याने लिहिला, त्याला पुढे भारतातल्याच एका लाकडाचे नाव मिळणार आहे हे कळायला तो उरला नाही.

पोर्तुगाल दरबारात ‘सांता क्रूझची भूमी’ हे नाव चालू झाले. पण किनाऱ्यावर उतरणाऱ्यांना सोने सापडले नाही, मसाले सापडले नाहीत. सापडले ते एक काटेरी झाड, ज्याचा गाभा पूर्वेकडून येणाऱ्या ब्राझील लाकडासारखाच लालभडक. हे झाड आपल्या पतंगाचे जवळचे नातेवाईक आहे, दोघांतला रंगही एकाच द्रव्याचा. म्हणून व्यापाऱ्यांनी जुनेच नाव नव्या मालाला लावले: पाउ-ब्राझील, ब्राझीलचे लाकूड. १५०२ मध्येच राजाने फेर्नाओ द नोरोन्या या व्यापाऱ्याला त्याचा मक्ता दिला. १५११ साली ‘ब्रेतोआ’ हे जहाज सुमारे ५००० ओंडके, शिवाय पोपट आणि गुलाम केलेली तिथली माणसे घेऊन परतले. खलाशी म्हणत ‘ब्राझीलच्या मुलखाला चाललो’, जसे आपण ‘मिठागरावर चाललो’ म्हणू. दहा-बारा वर्षांत ‘सांता क्रूझ’ कागदावर उरले, आणि पुढे कागदावरूनही गेले. १५४९ मध्ये राजाने पहिला गव्हर्नर-जनरल तोमे द सोझा पाठवला आणि साल्व्हादोर हे राजधानीचे शहर वसवले, तोवर सरकारी नावही ‘ब्राझील’च झाले होते.

हे सगळ्यांना रुचले नाही. जोआओ द बारोश हा पोर्तुगीज इतिहासकार, लिस्बनच्या भारतविषयक व्यापारखात्याचा मोठा अधिकारी, त्याने सोळाव्या शतकाच्या मध्यात तळमळून लिहिले की हे सैतानाचेच काम: क्रुसाच्या पवित्र लाकडाचे नाव पुसले गेले आणि कापड रंगवायच्या लाकडाचे नाव राहिले. त्याची तळमळ खोटी नव्हती. पण राजदरबारात ठरवलेले नाव आणि धक्क्यावर रोज शंभर तोंडांनी घेतले जाणारे नाव यांत कोण टिकते, याचा इतका स्पष्ट दाखला मला दुसरा माहीत नाही.

या भांडणात एका नावाची दखल कोणी घेत नाही, ते म्हणजे झाडाचे मूळ नाव. किनाऱ्यावरच्या तुपी लोकांच्या भाषेत हे झाड ‘इबिरापितांगा’. ‘इबिरा’ म्हणजे झाड, लाकूड. ‘पितांगा’ म्हणजे तांबडे. ही झाडे तोडून, ओंडके करून, खांद्यावर किनाऱ्यापर्यंत वाहून आणत होते ते तुपीच, आणि बदल्यात त्यांना मिळत कुऱ्हाडी, सुऱ्या, आरसे. ज्याँ द लेरी हा फ्रेंच माणूस १५५७ मध्ये रिओच्या उपसागरात होता. फ्रेंचही या लाकडावर टपलेले होतेच. त्याने तुपींपैकीच तुपिनांबा जमातीच्या एका म्हाताऱ्याशी झालेले बोलणे लिहून ठेवले आहे. म्हाताऱ्याने विचारले, तुम्ही फ्रेंच आणि पोर्तुगीज एवढ्या लांबून लाकडासाठी का येता, तुमच्याकडे जळण नाही का? लेरी म्हणाला, जाळायला नाही, रंगाला लागते, आणि आमच्यात असे व्यापारी आहेत की एकटा सगळे लाकूड विकत घेईल. मग तो श्रीमंत माणूस मरत नाही का, म्हाताऱ्याने विचारले. मरतो. मग त्याचे सगळे कोणाला जाते? मुलांना, मुले नसतील तर भावांना. त्यावर म्हातारा म्हणाला, म्हणजे तुम्ही मोठेच वेडे. ज्या जमिनीने तुम्हाला पोसले ती तुमच्या मुलांना पोसणार नाही का?

युरोपात पोचलेले ओंडके किसून त्याचा भुगा करणे हे हाडे मोडणारे काम. ॲमस्टरडॅममध्ये १५९६ साली उघडलेल्या कैदखान्यात ते कैद्यांकडून सक्तीने करवून घेत, आणि त्या तुरुंगाचे नावच ‘रास्पहाउस’, किसणीघर, असे पडले. इकडे ब्राझीलचा किनारा इतका उजाड होत गेला की १६०५ मध्ये पोर्तुगालच्या राजाला तोडीवर निर्बंध घालावे लागले. एकोणिसाव्या शतकात कृत्रिम रंग आल्यावर रंगाचा धंदा बसला. पण व्हायोलिनच्या गजासाठी हे लाकूड आजही सर्वोत्तम मानतात. संगीताच्या जगात त्याला ‘पर्नांबुको’ म्हणतात, तेही ब्राझीलच्या एका प्रांताचे नाव. १९७८ पासून पाउ-ब्राझील हा त्या देशाचा राष्ट्रीय वृक्ष आहे.

आता तिथल्या रहिवाशांकडे वळू. पोर्तुगीजमध्ये ब्राझीलच्या माणसाला ‘ब्राझिलेइरो’ म्हणतात. यातला ‘-एइरो’ हा प्रत्यय बहुधा धंदा सांगतो. गोव्यात सकाळी सायकलवरून पाव घेऊन येणारा पोदेर ओळखीचा असेल, तो शब्द ‘पादेइरो’ या पोर्तुगीज शब्दाचाच गोमंतकीय अवतार. ‘सापातेइरो’ म्हणजे जोडे शिवणारा, ‘पेद्रेइरो’ म्हणजे गवंडी. तसा ‘ब्राझिलेइरो’ हा मुळात ब्राझील लाकडाचा धंदा करणारा. इपोलितो दा कोस्ता याने १८०८ ते १८२२ या काळात लंडनहून ‘कोरेइयो ब्राझिलिएन्से’ हे पत्र चालवले. तिथे जन्मलेल्याला ‘ब्राझिलिएन्से’ म्हणावे, ‘ब्राझिलेइरो’ हा तिकडे व्यापाराला जाणारा, असा त्याचा आग्रह होता. व्याकरणाने तो बरोबर होता, पण लोकांनी धंद्याचाच शब्द उचलला. ७ सप्टेंबर १८२२ ला राजपुत्र दों पेद्रोने पोर्तुगालशी नाते तोडले आणि ब्राझीलचे साम्राज्य उभे राहिले, तेव्हा त्याचे नागरिक ‘ब्राझिलेइरो’च ठरले. ‘ब्राझिलिएन्से’ म्हणजे आज ब्राझिलिया या राजधानीचा रहिवासी, आणि ती राजधानी वसली १९६० मध्ये.

तुपी भाषेचे शब्द मात्र उलट वाटेने आपल्याकडे आले, तेही पोर्तुगीजांच्याच जहाजांतून. काजू हा त्यांतला सगळ्यांत घरचा झालेला. तुपीत ‘आकाजू’, पोर्तुगीजमध्ये ‘काजू’, मराठीत जसाच्या तसा. तुपीत याच शब्दाचा अर्थ ‘वर्ष’ असाही होता, कारण काजूचा हंगाम आला की वर्ष फिरले असे ते मोजत. ब्राझीलमध्ये ‘काजू’ म्हणजे मांसल फळ, ज्याला कोकणात आपण बोंडू म्हणतो. बीला ते ‘काजूची कास्तान्या’ म्हणतात. आपल्याकडे उलट झाले: बी काजू झाली आणि फळाला देशी नाव मिळाले. अननसही तिकडच्याच भाषांतला, पोर्तुगीजमार्गे आलेला. टॅपिओका, म्हणजे कसावा या कंदाचे पीठ, हाही तुपी शब्द. आपला उपासाचा साबुदाणा आज त्याच कंदाच्या पिठाचा होतो, पण नाव मात्र मलाय ‘सागू’वरून आलेले, म्हणजे तिथेही पूर्वेचे नाव पश्चिमेच्या मालाला.

राहता राहिला लेखनाचा प्रश्न. पोर्तुगीजमध्ये आज हे नाव ‘स’च्या अक्षराने लिहितात, पण दोन स्वरांमध्ये आलेल्या त्या अक्षराचा उच्चार ‘झ’ होतो. पूर्वी तर ते ‘झ’च्याच अक्षराने लिहिलेलेही आढळते. त्यामुळे ‘ब्रासिल’ लिहिण्याचे कारण नाही. शेवटचा ‘ल’ ब्राझीलचे लोक ‘उ’सारखा उच्चारतात, कानाला ‘ब्राझिउ’ असे काहीसे ऐकू येते. पण पोर्तुगालमध्ये ‘ल’ टिकून आहे आणि मराठीत तोच रुळला आहे, तो बदलू नये. पोर्तुगीज उच्चारात आघात शेवटच्या अक्षरावर आहे आणि मराठीच्या नियमानेही अकारान्त शब्दाचा उपान्त्य इकार दीर्घ लिहितात, म्हणून ‘ब्राझील’. ‘ब्राझीलचा’, ‘ब्राझीलमध्ये’ यांतही दीर्घच. सामान्यरूप केले तर मात्र गरीब-गरिबाला या चालीवर ‘ब्राझिलात’. विशेषणाला ‘ब्राझीलियन’ सर्रास चालते, पण बंगाल-बंगाली, नेपाळ-नेपाळी यांच्या पंगतीत ‘ब्राझिली’ सहज बसते, आणि मी तेच वापरतो.