इटलीतला उंब्रिया प्रांत कसा आहे? तिथला इतिहास, संस्कृती आणि पाहण्यासारखी ठिकाणं कोणती?

तुम्ही लिहिलंय की रोम आणि फ्लॉरेन्स नक्की आहे, मध्ये चार-पाच दिवस मोकळे आहेत. सगळे टस्कनीला जा म्हणतायत, पण कुणीतरी उंब्रियाचं नाव काढलं आणि आता तिथे नेमकं आहे तरी काय ते कळत नाहीये. मी पेरुजात, म्हणजे उंब्रियाच्या राजधानीत, इटालियन शिकायला आले आणि पुढे नोकरीमुळे तिथेच राहिले. त्यामुळे माझं उत्तर पक्षपाती आहे असं समजूनच वाचा: टस्कनी पुढच्या खेपेला करा, या खेपेला उंब्रियात या.

आधी नकाशा बघा. उंब्रियाला समुद्र नाही आणि दुसऱ्या देशाची सीमाही नाही. इटलीच्या द्वीपकल्पात असा हा एकच प्रांत. क्षेत्रफळ साधारण साडेआठ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्याहूनही लहान, आणि वस्ती साडेआठ लाखांच्या आसपास. मधून टायबर वाहते, तीच पुढे रोमला जाते. उत्तरेकडून रोमवर चाल करणाऱ्यांना आणि रोमहून उत्तरेला निघालेल्यांना ही खोरी सोयीची. सैन्यं सतत खालून जाणार म्हटल्यावर लोकांनी गावं वर, डोंगरमाथ्यावर बांधली आणि भोवती तटबंदी घातली. एवढं लक्षात ठेवलं की इथला बाकीचा इतिहास आपोआप लागत जातो. आजही रेल्वे स्टेशन खाली आणि गाव वर, हा प्रकार जवळपास सगळीकडे आहे. बॅगा भरताना हे विसरू नका.

प्राचीन काळी टायबरच्या पूर्वेला उंब्री लोक आणि पश्चिमेला एट्रुस्कन. पेरुजा आणि ओर्व्हिएतो ही मूळची एट्रुस्कन शहरं. मग रोम आलं. इ.स.पू. २२० मध्ये गायस फ्लामिनियस या रोमन अधिकाऱ्याने रोमपासून उंब्रियातून एड्रियाटिक किनाऱ्यापर्यंत रस्ता बांधला, तो व्हिया फ्लामिनिया. तीनच वर्षांनी, इ.स.पू. २१७ मध्ये, हाच फ्लामिनियस सेनापती म्हणून त्राझिमेनो तलावाकाठी रोमचा शत्रू, कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्या सापळ्यात सापडला. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला टेकड्या, वर सकाळचं धुकं. त्यात तो स्वतः मेला आणि सुमारे पंधरा हजार रोमन सैनिक कापले गेले. आज त्याच तलावावर लोक होडीतून बेटांवर जातात आणि तळलेले मासे खातात. उन्हाळ्यात एक दुपार काढायला बरी जागा आहे, त्याहून जास्त वेळ देऊ नका.

पेरुजाबद्दल मात्र मी थोडं सविस्तर लिहिणार.

मध्ययुगात हे शहर स्वतंत्र, श्रीमंत आणि भांडखोर होतं. मुख्य चौकातलं फोंताना माज्जोरे हे कारंजं १२७० च्या दशकातलं, निकोला आणि जोव्हान्नी पिसानो या बापलेकांनी घडवलेलं. पर्यटक त्याच्यासमोर सेल्फी काढून पुढे सरकतात. तुम्ही खालच्या कठड्याभोवती एक फेरी मारा. तिथे बारा महिन्यांची कामं कोरली आहेत: जूनमध्ये कापणी, जुलैत मळणी, सप्टेंबरात द्राक्षं तुडवणं, डिसेंबरात डुक्कर कापणं. शहराच्या ऐन मध्यावर संतांच्या आणि पुराणातल्या प्रसंगांच्या पंगतीत शेतकऱ्याचं वर्षभराचं राबणं बसवलं आहे. शेजारीच पलाझ्झो देई प्रिओरी आहे, त्यात उंब्रियाचं राष्ट्रीय कलादालन. राफाएलचा गुरू मानला जाणारा चित्रकार पेरुजिनो तिथे पोटभर बघायला मिळतो.

पुढे शहरावर पोपची सत्ता आली, पण या शहराचं आणि पोपचं कधी जमलं नाही. १५४० मध्ये तिसऱ्या पॉल पोपने मिठावरचा कर वाढवला आणि पेरुजाने बंड केलं. पोपच्या सैन्याने ते मोडून काढलं. मग पोपने बाल्योनी या मातब्बर घराण्याची वस्तीच निवडली, घरांचे वरचे मजले पाडले, खालच्या गल्ल्यांवर कमानी टाकल्या आणि त्या सगळ्याचा पाया करून वर अजस्र किल्ला उभारला. तो रोक्का पाओलिना. त्याचा धाक बाहेरच्यांना नव्हे, शहरालाच बसावा म्हणून बांधलेला. १८५९ मध्ये पेरुजाने पुन्हा उठाव केला तेव्हा पोपच्या स्विस पलटणीने शहरात कत्तल केली. दुसऱ्या वर्षी पोपची सत्ता गेली आणि लोकांनी तो किल्ला पाडायला घेतला.

वरचा किल्ला गेला, खालच्या गल्ल्या उरल्या. आज त्यातून सरकते जिने जातात. खालच्या बस स्थानकावरून जिन्यावर उभं राहायचं, आणि बघता बघता आपण सोळाव्या शतकात गाडल्या गेलेल्या रस्त्यावर येतो. दोन्ही बाजूंना घरांच्या भिंती, दारं, खिडक्या, डोक्यावर आकाशाऐवजी विटांची कमान. भर उन्हाळ्यातही गारवा असतो. शेजारून पोरं कानात इअरफोन घालून कॉलेजला जात असतात, कारण हा त्यांचा रोजचा शॉर्टकट आहे. प्रवेशद्वारापाशी पोर्ता मार्झिया ही एट्रुस्कन वेस दिसेल. किल्ल्याच्या वास्तुविशारदाला, आंतोनियो दा सांगाल्लोला, ती पाडवेना म्हणून त्याने दगड काढून तटाच्या भिंतीत पुन्हा बसवली.

इथला पाव अळणी असतो. कुणालाही कारण विचारा, मीठयुद्धाची गोष्ट ऐकायला मिळेल: पोपला कर द्यायचा नाही म्हणून आम्ही मीठच सोडलं. गोष्ट झकास आहे, पण शेजारच्या टस्कनीतही पाव अळणीच खातात आणि तिथे पोपशी मीठयुद्ध झालेलं नाही. पेरुजाकरांसमोर मात्र हा मुद्दा काढू नका.

असिसी तुम्हाला कुणीही सांगेल, म्हणून थोडक्यात. संत फ्रान्सिस इथल्या कापड व्यापाऱ्याचा मुलगा. तरुणपणी तो पेरुजाविरुद्धच्या लढाईत उतरला होता. १२०२ ची कोलेस्त्रादाची लढाई. त्यात पकडला गेला आणि सुमारे वर्षभर पेरुजाच्या तुरुंगात होता. दोन्ही गावं एकमेकांना समोरासमोर दिसतात, आणि लढले तिथे आता मोठा मॉल आहे. फ्रान्सिस १२२६ मध्ये वारला, दोनच वर्षांत संत ठरला आणि लगेच त्याच्या नावाच्या बॅसिलिकाचं, म्हणजे मोठ्या चर्चचं, काम सुरू झालं. तिथल्या वरच्या मजल्यावरच्या चर्चमधली त्याच्या आयुष्यावरची २८ भित्तिचित्रं जोत्तो या चित्रकाराची मानली जातात, त्यावर अभ्यासकांचे वाद आहेत. १९९७ च्या भूकंपात याच चर्चचं छत कोसळून चार माणसं गेली. छतावरच्या चित्रांचे असंख्य तुकडे गोळा करून पुन्हा जुळवले गेले, पण सगळे जुळले नाहीत, त्यामुळे वर बघितलं की मधेच कोरे पट्टे दिसतात. दुपारी बसगाड्यांची गर्दी अंगावर येते. जमलं तर असिसीत रात्री मुक्काम करा, संध्याकाळी सहानंतर गाव वेगळंच होतं.

संस्कृती म्हणाल तर गुब्बिओ. तिथल्या पलाझ्झो देई कोन्सोलीत काशाचे सात कोरीव पत्रे आहेत. त्यावर उंब्री भाषेत पुजाऱ्यांसाठी विधी लिहिलेत: मिरवणूक कुठून न्यायची, कुठल्या वेशीपाशी कुठला बळी द्यायचा, पक्ष्यांचा शकुन कसा पाहायचा. उंब्री भाषेबद्दल आज जे कळतं, त्यातलं बहुतेक या सात पत्र्यांवरून.

आणि त्याच चौकात दरवर्षी १५ मे रोजी चेरींचा उत्सव असतो. चेरी म्हणजे फळ नव्हे, तर तीन अवजड लाकडी खांब, दोन अष्टकोनी ढोल एकावर एक ठेवावेत तशा घडणीचे. टोकावर एकेका संताची मूर्ती: उबाल्दो, जॉर्ज, अँथनी. वजन एकेकाचं पावणेतीनशे किलोच्या आसपास. पिवळे, निळे आणि काळे सदरे घातलेले वाहक ते खांद्यावर घेऊन गावातून धावतात आणि मग इंजिनो डोंगर चढून वरच्या चर्चपर्यंत नेतात. शिखर शिंगणापूरला मुंगी घाटातून कावडी चढवताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना हा आवेश ओळखीचा वाटेल. धावणाऱ्यांच्या पायाखाली दगडी उतार, वळणावर खांब तिरका झाला की पूर्ण गाव एकदम ओरडतं. शर्यत म्हणावी तर क्रम ठरलेला: उबाल्दो नेहमी पहिला, जॉर्ज दुसरा, अँथनी तिसरा. मग चुरस कशाची? खांब पडू न देण्याची, आणि वर पोचल्यावर उबाल्दोच्या लोकांनी जॉर्ज आत यायच्या आत दार लावून घेण्याची. लावता आलं नाही तर वर्षभर बोलणी खावी लागतात. उंब्रियाच्या झेंड्यावर हेच तीन चेरी आहेत.

ओर्व्हिएतो रोमहून सव्वा-दीड तासावर, रेल्वेच्या वाटेवरच. ज्वालामुखीच्या राखेच्या मऊ खडकाचा सुळका, त्यावर शहर. कॅथेड्रल बघाच, आत सिन्योरेल्लीने रंगवलेला कयामतीचा दिवस आहे. मला जास्त आवडते ती विहीर. १५२७ मध्ये रोम लुटलं गेलं तेव्हा सातवा क्लेमेंट पोप पळून इथे आला, आणि वेढा पडला तर पाण्याचं काय, या काळजीने त्याने ही विहीर खोदवली. आर्किटेक्ट पुन्हा तोच, सांगाल्लो. खोली ५० मीटरच्या वर, आणि आत गोल फिरत जाणारे दोन जिने एकमेकांना न भेटणारे. खेचरं एका जिन्याने उतरायची आणि पाणी घेऊन दुसऱ्याने चढायची, वाटेत अडचण नाही. २४८ पायऱ्या आहेत, गुडघे दुखत असतील तर वरूनच डोकावा.

दक्षिणेला तेर्नीजवळ मार्मोरेचा धबधबा. तीन टप्प्यांत १६५ मीटर, आणि पूर्णपणे मानवनिर्मित: रोमनांनी इ.स.पू. २७१ मध्ये दलदल उपसायला पाणी कड्यावरून सोडलं. आता ते पाणी वीजनिर्मितीला जातं, त्यामुळे धबधबा वेळापत्रकाप्रमाणे चालू होतो. भोंगा वाजतो आणि पाणी येतं. वेळ न बघता गेलात तर ओला खडक बघून याल.

पूर्वेला नॉर्चा आणि त्याच्या वरचं कास्तेल्लुच्चोचं पठार. जूनअखेर ते जुलैच्या सुरुवातीला तिथल्या मसुराच्या शेतांत खसखशीची लाल आणि इतर निळी-पिवळी रानफुलं उसळतात, कारण तिथे तणनाशक वापरत नाहीत. ३० ऑक्टोबर २०१६ च्या ६.५ तीव्रतेच्या भूकंपाने कास्तेल्लुच्चो गाव जवळपास भुईसपाट झालं आणि नॉर्चातल्या संत बेनेडिक्टच्या चर्चची फक्त दर्शनी भिंत उभी राहिली. गाडी नसेल तर हा भाग सोडून द्या.

जेवणाचं: डुकराचं मांस ही इथली शान. शाकाहारी असाल तरी उपाशी राहत नाही. तोर्ता अल तेस्तो नावाची जाड, सपाट रोटी मिळते, लोखंडी तव्यावर भाजलेली, आत पालेभाजी आणि चीज भरून मागा. स्त्रांगोत्सी पास्ता काळ्या ट्रफलबरोबर (जमिनीखाली उगवणारी अळंबी). मसुराचं सूप मागवताना मात्र विचारा, त्यात बऱ्याचदा डुकराच्या चरबीची फोडणी असते. पेरुजाचं चॉकलेटही प्रसिद्ध, हेझलनट घातलेलं ‘बाची’ १९२२ पासूनचं.

आता एक ठिकाण, जे गाइडबुकात क्वचित असतं. टायबरच्या वरच्या खोऱ्यात मोंतोने नावाचं छोटं, तटबंदीचं गाव आहे. १९४४ च्या उन्हाळ्यात माघार घेणाऱ्या जर्मनांच्या पाठोपाठ दहावी भारतीय डिव्हिजन याच खोऱ्यातून उत्तरेला सरकत होती. पुन्हा तोच नकाशा: सैन्य खाली, शत्रू वर. १० जुलै १९४४ रोजी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. ते सोडून सगळे मेले किंवा जखमी झाले. ते एकटे धावून गेले, बॉम्ब टाकून मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली. मॅगझीन संपलं, बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिनेच झोडून मारलं. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते गेले. वय २२. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर नाही, नाव कासिनोच्या स्मारकावर आहे. २०२३ च्या जुलैत मोंतोनेत त्यांच्या नावाने स्मारक उभं राहिलं, सूर्यघड्याळाच्या रूपात. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय की आपण सगळे एकाच सूर्याखाली आहोत. मराठी माणसाने पेरुजापर्यंत येऊन तिथे न जाणं मला तरी पटत नाही. गाडीने पाऊण तास लागतो.

मुक्काम पेरुजात ठेवा. असिसी रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत, गुब्बिओला बस. ओर्व्हिएतो रोमहून येताना किंवा जाताना उरका. मे, जूनचा पूर्वार्ध किंवा सप्टेंबर उत्तम. जुलैत पेरुजात उंब्रिया जॅझ हा संगीतमहोत्सव असतो, १९७३ पासून चालू आहे. वातावरण धमाल, खोल्यांचे भाव मात्र चढलेले. ऑगस्टच्या मध्यात दुकानं बंद आणि ऊन रणरणतं. २०२६ हे संत फ्रान्सिसच्या निधनाचं आठशेवं वर्ष, तेव्हा त्या वर्षी येणार असाल तर असिसीची खोली खूप आधी धरा. आणि रविवारी बसगाड्या फारच कमी असतात, त्यामुळे गुब्बिओ रविवारी ठेवू नका.