चुंबकीय फोर्स वर्क करतच नाही म्हणतात, मग मोटर फिरते कुणाच्या जिवावर?

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे की पुस्तकात एका पानावर लिहिलंय चुंबकीय फोर्स चार्जवर कधीच वर्क करत नाही, आणि पुढे त्याच पुस्तकात करंट वाहणाऱ्या तारेवर फोर्स लागतो, कॉइल फिरते, कॉइल फिरवायला किती वर्क लागतं त्याचा फॉर्म्युला पण येतो, मग पंपाची मोटर विहिरीतलं पाणी वर चढवते ती ताकद नक्की कुणाची. बारावीला आहेस असं लिहिलंयस म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस. मी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतो, हा प्रश्न वर्गात दर वर्षी कुणीतरी विचारतंच आणि बऱ्याच ठिकाणी त्याला उत्तर मिळतं की परीक्षेला येत नाही, पुढे चला. माझ्या मते अख्ख्या धड्यात विचारण्यासारखा प्रश्न हाच आहे.

आधी उत्तर सांगून टाकतो: दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एनर्जी बॅटरीची (किंवा लाइटची), चुंबक त्यातली एक पैची एनर्जी देत नाही आणि घेतही नाही, पण चुंबक नसेल तर तीच एनर्जी तार गरम करण्यापलीकडे काही करू शकत नाही. आता हे कसं ते बघू.

पहिल्यांदा एकटा चार्ज घे, तार वगैरे काही नको. फोर्स क्यू व्ही बी (क्यू म्हणजे चार्ज, व्ही म्हणजे त्याचा वेग, बी म्हणजे चुंबकीय फील्ड), दिशा वेगाला काटकोनात, कायम. वेगाला काटकोनात ढकललं की दिशा बदलते, स्पीड बदलत नाही, त्यामुळे कायनेटिक एनर्जी आहे तेवढीच राहते. हे नुसतं कागदावर नाही बरं का. घरात पूर्वी तो मागे कुबड असलेला डब्बा टीव्ही असायचा, त्यात इलेक्ट्रॉन गनमधून निघालेले इलेक्ट्रॉन साधारण २५ हजार व्होल्टने पळवलेले असायचे, म्हणजे प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास ३० टक्के स्पीड, आणि तो सगळा स्पीड इलेक्ट्रिक फील्डने दिलेला. नळीच्या मानेवर तांब्याच्या कॉइल असायच्या, त्यांचं काम फक्त त्या धारेला वर-खाली डावी-उजवीकडे वळवायचं. सायक्लोट्रॉनमध्ये, म्हणजे चार्ज असलेल्या कणांचा स्पीड वाढवणाऱ्या मशीनमध्ये पण तेच, कोलकात्याला आहे तो बघ, त्यातला भलामोठा मॅग्नेट कणाला गोल गोल फिरवतो आणि एनर्जी मिळते ती मधल्या फटीतल्या इलेक्ट्रिक फील्डमधून, प्रत्येक वेळी फट ओलांडताना थोडी थोडी. मॅग्नेट कितीही मोठा आणलास तरी तो एनर्जी द्यायच्या भानगडीत पडत नाही.

आता तार. इथेच सगळ्यांचं गाडं अडतं, कारण पुस्तक क्यू व्ही बी वरून थेट बी आय एल वर (फील्ड गुणिले करंट गुणिले तारेची लांबी) उडी मारतं आणि मधे काय झालं ते सांगत नाही. क्यू व्ही बी मधला फोर्स इलेक्ट्रॉनवर आहे, आणि बी आय एल मधला फोर्स आपण तारेवर मोजतो, म्हणजे तांब्यावर. इलेक्ट्रॉनवर लागलेला फोर्स तांब्याला कसा काय पोचला?

गंमत म्हणजे ही शंका तुझ्या आधी एका विद्यार्थ्याला आली होती. मॅक्सवेल या मोठ्या शास्त्रज्ञाने १८७३ च्या त्याच्या ग्रंथात सरळ लिहून टाकलं होतं की हा फोर्स करंटवर लागत नाही, करंट वाहून नेणाऱ्या कंडक्टरवर लागतो. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स युनिव्हर्सिटीत एडविन हॉल नावाचा विद्यार्थी ते वाचत होता, त्याला काही ते पटेना. त्याचं म्हणणं, करंटलाच जर बाजूला ढकललं जात असेल तर तारेच्या एका कडेला चार्ज जमायला पाहिजे आणि दोन कडांमध्ये थोडंतरी व्होल्टेज दिसायला पाहिजे. १८७९ मध्ये त्याने सोन्याचा पातळ वर्ख घेऊन, रोलंड या त्याच्या प्रोफेसरच्या हाताखाली, ते व्होल्टेज खरंच मोजून दाखवलं. लक्षात घे, इलेक्ट्रॉनचा शोध १८९७ चा, म्हणजे नक्की काय वाहतंय हे माहीत नसताना त्याने हे केलं. वर्ख का, तर पट्टी जितकी पातळ तितकं हे व्होल्टेज जास्त. एक मिलिमीटर जाडीच्या तांब्यात ५ अँपिअर करंट आणि ०.४ टेस्लाचं चुंबकीय फील्ड घेतलं तर हिशोबाने ०.१५ मायक्रोव्होल्ट येतं, साध्या मल्टिमीटरला पत्ता पण लागणार नाही. (सेमीकंडक्टरमध्ये वाहणारे चार्ज कमी असल्याने हेच व्होल्टेज भरपूर येतं, म्हणून आज इलेक्ट्रिक स्कूटरच्या थ्रॉटलमध्ये हॉल सेन्सर बसलेला असतो.)

तर तारेत होतं असं की इलेक्ट्रॉन एका कडेला सरकतात, तिथे निगेटिव्ह गर्दी होते, समोरची कड पॉझिटिव्ह पडते, आणि आडवं इलेक्ट्रिक फील्ड तयार होतं. ते फील्ड इलेक्ट्रॉनला आणखी सरकू देत नाही आणि त्याच वेळी तांब्याच्या पॉझिटिव्ह आयनांना इलेक्ट्रॉन गेले त्या बाजूला ओढतं. तांबं म्हणजे हे आयनच, ते एका जाळीत घट्ट बसलेले, त्यामुळे आख्खी तार ओढली जाते. म्हणजे तारेला प्रत्यक्ष हात लावून ढकलणारा फोर्स इलेक्ट्रिक आहे! चुंबकीय फोर्स इलेक्ट्रॉनपर्यंतच थांबतो. सगळ्या आयनांवरचा हा ओढा बेरीज करून बघितलास तर बरोब्बर बी आय एल येतो, मॅक्सवेलचंही उत्तर बरोबर आणि हॉलचंही.

आता वर्कचा हिशोब, हा भाग जरा सावकाश वाच, घाई केलीस तर पुन्हा तिथेच येशील.

दोन समांतर रूळ, त्यावर आडवा टाकलेला तांब्याचा रॉड, लांबी अर्धा मीटर, छेदाचं क्षेत्रफळ समज एक चौरस मिलिमीटर, खालून वर ०.४ टेस्लाचं फील्ड, रॉडमधून ५ अँपिअर करंट. फोर्स बी आय एल, म्हणजे ०.४ गुणिले ५ गुणिले ०.५, बरोबर १ न्यूटन. रॉड रुळांवरून सेकंदाला २ मीटरने सरकतोय असं धर, म्हणजे तो बाहेरच्या वजनाला वगैरे ओढून २ वॅट काम करतोय.

आत एक इलेक्ट्रॉन पकड. त्याला दोन वेग आहेत. एक रॉडच्या लांबीने, म्हणजे ड्रिफ्ट, आणि दुसरा रॉडबरोबर आडवा, सेकंदाला २ मीटर, कारण रॉड चालला की आतले सगळे चालले. ड्रिफ्ट किती असेल? ५ अँपिअरला सेकंदाला अर्धा मिलिमीटर पण नाही, ०.३७ मिलिमीटरच्या आसपास. मुंगी पण याच्यापेक्षा कितीतरी जोरात जाते. तर वेग दोन म्हणून क्यू व्ही बी चे तुकडे पण दोन. ड्रिफ्टमुळे लागणारा तुकडा रॉडच्या पुढे जाण्याच्या दिशेने आहे, हाच आपल्याला बी आय एल म्हणून दिसतो, आणि तो पॉझिटिव्ह वर्क करतो. रॉडबरोबरच्या वेगामुळे लागणारा तुकडा रॉडच्या लांबीने आहे आणि तो ड्रिफ्टच्या बरोबर उलटा, म्हणजे इलेक्ट्रॉनला मागे ढकलणारा, तो निगेटिव्ह वर्क करतो. पहिल्या तुकड्याची पॉवर क्यू गुणिले ड्रिफ्ट गुणिले बी गुणिले रॉडचा वेग. दुसऱ्याची पॉवर क्यू गुणिले रॉडचा वेग गुणिले बी गुणिले ड्रिफ्ट, आणि पुढे मायनस. तेच चार आकडे, गुणाकाराचा क्रम वेगळा. बेरीज शून्य. एकाच फोर्सचे हे दोन तुकडे, एकाने जेवढं दिलं तेवढंच दुसऱ्याने काढून घेतलं.

म्हणजे चुंबकीय फोर्स हा मार्केट यार्डातला असा अडत्या समज जो अडत घेत नाही, माल या हाताने घेतला त्या हाताने दिला, स्वतःच्या गोदामात काही ठेवलं नाही. माल कुणाचा? तर बॅटरीचा. इलेक्ट्रॉनला मागे ढकलणारा जो दुसरा तुकडा आहे त्याच्या विरुद्ध इलेक्ट्रॉनला पुढे रेटायचं काम बॅटरीला करावं लागतं, आणि यालाच आपण बॅक ईएमएफ म्हणतो. मुलं बॅक ईएमएफ म्हणजे काहीतरी नुकसान, काहीतरी अडथळा असं पाठ करतात, मला त्याचा फार राग येतो, कारण बॅटरीने बॅक ईएमएफच्या विरुद्ध जेवढं काम केलं तेवढंच मेकॅनिकल काम बाहेर मिळतं, ते नसतं तर मोटरकडून काहीच मिळालं नसतं.

आकडे टाकून बघ. बॅक ईएमएफ बी एल व्ही, ०.४ गुणिले ०.५ गुणिले २, म्हणजे ०.४ व्होल्ट. गुणिले ५ अँपिअर, २ वॅट. रॉड बाहेर किती काम करत होता? २ वॅट. सर्किटचा रेझिस्टन्स १ ओहम धरला तर बॅटरी ५.४ व्होल्टची लागेल, ती २७ वॅट देणार, त्यातले २५ वॅट उष्णता आणि २ वॅट काम. मोटर म्हणून अगदी टाकाऊ, पण हिशोब पैशाला पैसा जुळतो. खऱ्या मोटरमध्ये शेकडो वेढे का घालतात तेही इथे कळतं, वेढे वाढले की त्याच करंटला फोर्स वाढतो आणि बॅक ईएमएफ पण वाढतो.

एक गोष्ट तुला खटकेल म्हणून आधीच सांगतो. रॉडचा वेग ड्रिफ्टच्या पाच हजार पटीहून जास्त आहे, म्हणजे तो मागे ढकलणारा तुकडा पुढच्या तुकड्याच्या पाच हजार पट मोठा! रॉडमधल्या सगळ्या मोकळ्या इलेक्ट्रॉनची बेरीज केली तर साधारण ६८०० कूलोम चार्ज होतो आणि त्यावर लांबीच्या दिशेने साडेपाच हजार न्यूटनच्या आसपास फोर्स येतो. मग रॉड लांबीच्या दिशेने उडून का जात नाही? कारण तेवढाच पॉझिटिव्ह चार्ज आयनांच्या रूपात त्याच वेगाने चाललाय, त्याच्यावर उलट्या दिशेने तेवढाच फोर्स, हे दोन एकमेकांना खाऊन टाकतात. ड्रिफ्ट मात्र फक्त इलेक्ट्रॉनला आहे, आयनांना नाही, म्हणून तो एक न्यूटन उरतो. सगळी मोटर इंडस्ट्री या उरलेल्या भागावर चालते म्हण ना.

आता तुझ्या पंपाकडे येऊ. एक डीसी मोटर घे, १२ व्होल्ट, वाइंडिंगचा रेझिस्टन्स १ ओहम. चालू असताना बॅक ईएमएफ समज १० व्होल्ट, मग करंट २ अँपिअर, बॅटरीकडून २४ वॅट, उष्णता ४ वॅट, काम २० वॅट. आता शाफ्ट हाताने गच्च पकडला (खरंच पकडू नकोस). वेग शून्य, बॅक ईएमएफ शून्य, करंट १२ अँपिअर, पॉवर १४४ वॅट आणि सगळीच्या सगळी वाइंडिंगमध्ये उष्णता. फोर्स सहापट, काम शून्य. पंपात कचरा अडकून मोटर जाम झाली की घूं घूं आवाज येतो आणि थोड्या वेळात जळका वास येतो त्याचं मूळ हेच. शेतातली मोटर एसी इंडक्शनची असते, तिच्यात रोटरला वायरने करंट देत नाहीत, फिरत्या फील्डमुळे तो रोटरच्या सळ्यांमध्ये आपोआप तयार होतो, त्यामुळे गणित थोडं वेगळं पडतं, पण व्होल्टेज कमी आलं की रोटर मागे पडतो, करंट वाढतो आणि मोटर रिवाइंडिंगला जाते हे गावाकडच्या कुठल्याही माणसाला फॉर्म्युल्याशिवाय माहीत असतं.

हेच उलटं चालवलंस तर जनरेटर. रॉडला हाताने जोरात ढकल, बी एल व्ही बॅटरीच्या ५.४ व्होल्टच्या पुढे गेला की करंट उलटा वाहायला लागतो आणि बॅटरी चार्ज होते. वरच्या रॉडसाठी तो वेग सेकंदाला २७ मीटर येतो, म्हणजे हाताने जमणार नाही, पण मुंबईच्या नव्या लोकल ब्रेक लावताना मोटरचाच जनरेटर करून वीज वरच्या तारेत परत पाठवतात ते याच हिशोबावर. तिथेही चुंबकीय फोर्सचं स्वतःचं वर्क शून्यच, फक्त माल उलट्या दिशेने गेला.

खिळा चुंबकाकडे उडी मारतो तिथे काय, असं विचारशील. ते प्रकरण जरा वेगळं आहे, लोखंडातलं चुंबकत्व मुख्यतः इलेक्ट्रॉनच्या स्पिनचं असतं, त्याला तारेतल्या करंटसारखं धरून क्यू व्ही बी चा हा युक्तिवाद तसाच्या तसा लावता येत नाही, तो फॉर्म्युला चालत्या चार्जचा आहे. बारावीला तिथे जायची गरज नाही.

परीक्षेचं म्हणशील तर एमसीक्यूमध्ये चुंबकीय फील्डने चालत्या चार्जवर किती वर्क केलं असं आलं की डोळे झाकून शून्य. कॉइल शून्य अंशापासून थीटापर्यंत फिरवायला किती वर्क लागेल असं आलं तर एम बी गुणिले, कंसात एक वजा कॉस थीटा (एम म्हणजे कॉइलचं मॅग्नेटिक मोमेंट). हे वर्क कॉइल फिरवणाऱ्या बाहेरच्या माणसाचं आहे, आणि कॉइलमधला करंट तेवढाच टिकवून ठेवणारी बॅटरी त्या फॉर्म्युल्यात गुपचूप बसलेली आहे, प्रश्नात तिचं नाव घेत नाहीत एवढंच.